लाजेचा परिच्छेद

सर पेपर शेवटून वाचायचे. पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, शोधनिबंध. आम्हा जनावरांच्या डॉक्टरांच्या जगात त्याला पेपरच म्हणतात. आधी ते शेवटचं पान उघडायचे आणि आपल्या अभ्यासात काय राहून गेलं, काय जमलं नाही, हे लेखकाने कुठे कबूल केलंय का ते शोधायचे. छापील भाषेत त्या भागाला 'अभ्यासाच्या मर्यादा' असं भारदस्त नाव आहे. सर त्याला लाजेचा परिच्छेद म्हणायचे. तो सापडला की स्वारी खुर्चीतच मांडी घालून बसायची आणि मग पहिल्या पानाकडे वळायची. नाही सापडला, तर पेपर टेबलावरून परत सरकवून म्हणायचे, "हा माणूस निर्लज्ज आहे. याचं पुढे काय वाचायचं?" लेखक समोर बसलेला असला तरी म्हणायचे. मी समोर बसले होते, आणि मला म्हणाले होते.

मी गेले होते मोठ्या हौसेने. ठाकुर्लीला माझा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. गोचिडांमुळे ताप आलेली कुत्री माझ्याकडे बरीच यायची, मी त्यांना एका ठरावीक पद्धतीने औषध द्यायचे आणि ती बरी व्हायची. याचा एक पेपर करावा, छापून आला की फ्रेम करून दवाखान्यात लावावा, एवढाच माझा संशोधनामागचा उदात्त हेतू. सरांनी मला कॉलेजात शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते डोंबिवली पूर्वेला राहायला आले होते आणि रविवारी सकाळी कुणीही आपला पेपर घेऊन यावं, ते फुकट फाडून देतात, अशी त्यांची ख्याती होती. दार काकूंनी उघडलं. म्हणाल्या, "चप्पल आत काढ गं. बाहेर ठेवलीस तर कुत्री पळवतात. तुझ्याच पेशंटांपैकी असतील." काकू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्या घरात घाबरायचं कुणाला, हे मला त्या दिवशी नीट ठरवता आलं नाही.

सरांनी माझा पेपर शेवटून पाहिला, निर्लज्ज म्हणून झालं, आणि तरी दया येऊन म्हणा, एक प्रश्न विचारला.

"सगळी कुत्री बरी झाली असं लिहिलंयस. तुला कसं कळलं?"

"सर, परत आलीच नाहीत ना. त्रास असता तर आली असती."

"मेलेलं कुत्रं परत येतं का?"

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, आधी चहा तरी घेऊ दे तिला. मग मारा."

सरांनी मारलं नाही. त्यांनी मला घरी पाठवलं आणि सांगितलं की जी कुत्री परत आली नाहीत त्यांच्या मालकांना एकेक करून फोन कर. मी दवाखान्यात बसून, जुने नंबर काढून, फोन करायला लागले. आपण इतके दिवस काय समजून चाललो होतो ते मग एकेका फोनवर कळत गेलं. कुणी गाव बदललं होतं, कुणी डॉक्टर बदलला होता. एक बाई म्हणाल्या, "अगं बाई, तो केवढा थोरला! उठताच येईना त्याला. तुमचा दवाखाना वरती, जिना चढवणार कोण? ज्या दिवशी चालत होता त्या दिवशी आणला होता ना." म्हणजे माझ्या जिन्यानेच माझे पेशंट निवडले होते. जो चढू शकतो तोच माझ्यापर्यंत पोचणार, आणि तो बरा झाला की श्रेय माझ्या औषधाला.

आंबिवलीच्या एका माणसाचा फोन मी विसरू शकत नाही. मी हसतमुख आवाजात विचारलं, "कसा आहे आपला ब्रूनो?" तो म्हणाला, "मॅडम, तो तुमच्याकडनं आणला ना, त्याच रात्री गेला. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही एवढी मेहनत घेतलेली. तुम्हाला वाईट वाटलं असतं." त्याचं कुत्रं मेलेलं आणि तो मला जपत होता. मी फोन ठेवला आणि दवाखान्यातल्या सिंकपाशी जाऊन उगाचच हात धूत राहिले. मला इतकी लाज वाटली की पुढच्या माणसाला फोन करायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

पेपर शेवटी छापून आला. माझी औषधपद्धत त्यात बरीच किरकोळ दिसत होती आणि लाजेचा परिच्छेद चांगला अर्ध्या पानाचा होता, त्यात जिनासुद्धा होता. माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला, "अगं, एवढं कशाला लिहिलंस? कोण विचारणार होतं?" सरांनी मात्र तो पेपर काकूंना वाचून दाखवला. फ्रेम काही मी केली नाही.

सरांचं म्हणणं साधं होतं. आमच्यातले बरेचसे अभ्यास नुसते बघण्याचे असतात. आपण जनावराला काही करत नाही. गोठ्यात जातो, बघतो, विचारतो आणि लिहितो. "बघणारा माणूस म्हणजे पाहुणा," सर म्हणायचे. "पाहुण्याला घर आवरलेलंच दिसतं. ठीक आहे, त्यात पाहुण्याचा काय दोष? पण मग त्याने लिहावं की मी कळवून गेलो होतो." परदेशातल्या काही जाणत्या लोकांनी म्हणे एक यादीच केली होती: असा अभ्यास छापताना जनावरं कुठून निवडली, कशी निवडली, किती मध्येच गळाली, कुणी नकार दिला, हे सगळं सांगितलंच पाहिजे. सरांनी तिचं मराठी केलं, झेरॉक्स काढल्या आणि जनावरांच्या डॉक्टरांचं लग्न असो की मुंज, ते ती यादी वाटत सुटायचे. एका बारशाला त्यांनी यजमानांच्या हातात आहेराच्या पाकिटाबरोबर ती दिली. बाळाचे वडील पशुवैद्य होते, एवढंच त्यातलं समर्थन.

'सर्व' हा शब्द त्यांना खपायचा नाही. 'परिसरातील सर्व गोठ्यांची पाहणी केली' असं वाक्य कुणी आणलं की विचारायचे, "सर्व म्हणजे? खाडीच्या पलीकडच्या बांधावरून चिखल तुडवत गेला होतास?" तो विद्यार्थी सांगायचा, की सर, तिथे रिक्षा जात नाही. "मग तसं लिही. जिथवर रिक्षा जाते तेवढेच गोठे पाहिले. लोकांना कळू दे की कल्याणातल्या म्हशींचे आजार रिक्षा स्टँडपाशी संपतात."

हे पेपरापुरतं असतं तर ठीक होतं. पण सरांना ते बंद करता यायचं नाही. डोंबिवलीत कुठेही बघा, क्लासेसचे फलक आहेत आणि त्यांवर नव्वदच्या वर टक्के मिळवलेल्या मुलामुलींचे हसरे चेहरे आहेत. एकदा मी आणि सर भाजी घेऊन येत होतो, तर सर अशा एका क्लासच्या ऑफिसात शिरले. मला वाटलं, नातवाची चौकशी असेल. काउंटरवरची मुलगी उत्साहाने उठली.

"बोला ना काका, कोणत्या स्टँडर्डसाठी?"

"बाहेर फोटो आहेत ते पाहिले. छान आहेत. बाकीच्या मुलांचे कुठे आहेत?"

"हेच टॉपर्स आहेत ना काका."

"ते कळलं. पण क्लासला एवढीच मुलं होती का? नापास झाली असतील, सोडून गेली असतील, त्यांचे फोटो?"

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आतून क्लासचे मालक आले. "आजोबा, ॲडमिशन घ्यायचीये का? नाय ना? मग कशाला टाइमपास करताय?" सर त्यांना शांतपणे समजावायला लागले, की फलकावर खाली बारीक अक्षरात लिहिलंत तरी चालेल. मी हातातल्या मेथीच्या जुडीकडे बघत उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळखीचं कुणी बघत नाहीये ना, एवढंच मी बघत होते. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तुला माझी लाज वाटली, नाही?" मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय सर." ते म्हणाले, "वाटू दे. चांगली असते." आणि कोथिंबीर घ्यायची राहिली म्हणून मागे वळले.

काकूंना हे सगळं आयुष्यभर झेलावं लागलं होतं. भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हा सरांनी मुलाकडच्यांना विचारलं होतं की याआधी किती मुलींनी तुम्हाला नकार दिला. लग्न झालं, पण सर नसलेल्या बैठकीत. एकदा काकूंनी उपमा केला होता, आम्ही पाचसहाजण तुटून पडलो होतो आणि काकू म्हणाल्या, "सगळ्यांना आवडला बाई!" सर म्हणाले, "ज्यांनी घेतला नाही त्यांना विचारलंस का?" काकू म्हणाल्या, "ज्यांनी घेतला नाही ते उपाशी गेले. हे तुमच्या त्या यादीत लिहा." त्या बोलायच्या असं, पण सरांना बाहेर कुणी हसलं की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा मला म्हणाल्या, "विद्वान आहेत गं. पण एकदा तरी चारचौघांत यांचं नुसतं कौतुक व्हावं आणि यांनी नुसतं 'आभारी आहे' म्हणावं, एवढीच माझी इच्छा आहे."

ती इच्छा पुरी व्हायची वेळ आली, त्याचीच ही गोष्ट.

सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठाण्याला त्यांचा सत्कार ठरवला. पुढाकार घेणारा आमच्याच कॉलेजचा, आता पशुखाद्याच्या धंद्यात चांगला स्थिरावलेला, बोलघेवडा आणि मनाने सढळ. त्याला मी इथे संयोजकच म्हणते. सत्कार कशासाठी, तर सरांच्या तरुणपणातल्या एका पेपरासाठी. कल्याणच्या खाडीकाठच्या तबेल्यांत हिंडून सरांनी तो लिहिला होता. त्याचा निष्कर्ष असा होता, की या तबेल्यांत म्हशींच्या पारडांची मरतूक, म्हणजे मरण्याचं प्रमाण, नगण्य आहे. त्या काळी आपल्याकडे असं मोजायला कुणी जातच नव्हतं, म्हणून त्या पेपराचं फार नाव झालं. पुढे जेव्हा जेव्हा पारडांसाठी काही करावं असा विषय निघाला, तेव्हा कुणीतरी हा पेपर पुढे करायचं आणि विषय मिटायचा. सरांना जग ओळखायचं ते या एका पेपराने.

सर आधी नको म्हणाले. काकूंनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मग सर हो म्हणाले आणि काकू माझ्याबरोबर कल्याणला जाऊन साडी घेऊन आल्या, गर्द जांभळी, बारीक काठाची. दुकानदाराला त्यांनी तीन वेळा सांगितलं, "ह्यांचा सत्कार आहे."

संयोजकाच्या डोक्यात आलं की सत्काराच्या आधी सरांवर एक छोटी फिल्म दाखवावी. त्यासाठी सर त्याच तबेल्यात उभे हवेत. म्हणून एका सकाळी आम्ही खाडीकाठी गेलो: सर, मी, संयोजक आणि कॅमेरावाला. जुन्या तबेल्यांपैकी एक अजून होता. मालक जुन्या मालकाचा मुलगा, आता स्वतःच पन्नाशीचा, गळ्यात जाड चेन, माणूस अगदी अगत्याचा. "याँ याँ डॉक्टरसायब. माझा बापूस तुमचा लय नाव काढायचा," म्हणत त्याने खुर्च्या मांडल्या.

दूध काढायची वेळ होती. कॅमेरावाला म्हणाला, "सर, त्या म्हशीवर हात ठेवा. हां, आणि खाली ते पिल्लू आहे ना, त्याच्याकडे बघा. प्रेमाने." म्हशीच्या तोंडापुढे एक पारडू बसलं होतं आणि ती त्याला चाटत होती. सर प्रेमाने वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्या पारडाला डोळे नव्हते. पोट सुतळीने शिवलेलं होतं आणि शिवणीतून पेंढा बाहेर आला होता.

हे आम्हा कुणाला नवीन नव्हतं. पारडू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून त्याचं कातडं पेंढा भरून तिच्यापुढे ठेवतात, वर मीठ चोळतात, ती चाटत राहते आणि दूध देते. आम्ही शिकलेलो असतो, पाहिलेलं असतं. पण ते पाहताना हे कुठलं पारडू, असं विचारावं हे आमच्यातल्या कुणाला सुचत नाही. सरांना त्या दिवशी सुचलं.

"हे कधी मेलं?"

"हा? झालं असतील पंधरा दीस."

"तुमच्याकडे यंदा किती पारडं गेली?"

"एक पन नाय," मालक अभिमानाने म्हणाला.

"आणि हे?"

"त्याला बिल्ला कुठं लागलेला? जगला वाचला, पाय रोवला, तर कानात बिल्ला. बिल्ला लागला नाय तवर तो गोठ्याचा नाय. पयल्या दिसांत जे जायचं ते जातंय सायब. त्यात नर असला तर त्याला दूध कोन पाजनार? त्याचा काय मोजायचा?"

सर सावकाश सरळ झाले. "तुमच्या वडिलांच्या वेळीही असंच होतं?"

"तवापासूनच तर चालत आलंय."

"मी तेव्हा विचारलं होतं त्यांना."

"तुम्ही इचारला, बिल्लेवाली किती मेली. तेवढी सांगितली बापसानं." मालकाला काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. तो म्हणाला, "चा घ्या ना सायब."

सरांनी चहा घेतला नाही. ते बाहेर येऊन खाडीकडच्या बांधावर बसले. संयोजक कॅमेरावाल्याला सांगत होता की तो पेंढ्याचा भाग कापून टाक. मी सरांजवळ गेले. ते म्हणाले, "मी जगलेल्यांना विचारत होतो की तुमच्यातलं कोण मेलं." मग म्हणाले, "मला फार लाज वाटतेय." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. मी त्यांना धीर द्यायचा म्हणून म्हटलं, की सर, तेव्हाच्या पद्धतीच तशा होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पुढचं वाक्य गिळलं.

घरी त्या संध्याकाळी बराच वाद झाला. सर म्हणाले, सत्कारात मी हे सांगणार. काकू म्हणाल्या, पेपर छापणाऱ्या मासिकाला कळवा, विद्यार्थ्यांना कळवा, दवंडी पिटा, पण सत्कारात नको. मीही काकूंच्याच बाजूने बोलले.

"एक दिवस गप्प बसलात तर काय बिघडेल हो?"

"इतकी वर्षं गप्पच होतो की."

"तुम्हाला माहीत नव्हतं तेव्हा!"

"आता माहीत आहे," सर म्हणाले. "आणि शाल त्याचसाठी घालतायत."

काकू उठून आत गेल्या. साडीला फॉल लावायचा राहिला होता, तो लावत बसल्या.

ठाण्याचा हॉल भरला होता. फिल्म झाली, पेंढ्याचं पारडू तिच्यात नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र संयोजकाने स्वतः वाचलं. मग सर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की ज्या पेपरासाठी तुम्ही मला बोलावलंत तो चुकीचा आहे. बिल्ला लागण्याआधी मेलेली पारडं मी मोजलीच नव्हती, आणि मोजली नाहीत हे लिहिलंही नव्हतं. मरतूक नगण्य नव्हती, मी ती पाहिली नव्हती.

आणि टाळ्या पडल्या. आधी मागून एक, मग सगळा हॉल. संयोजकाने माईक घेतला, त्याचे डोळे भरून आले होते. "मित्रांनो, याला म्हणतात मोठेपणा! एवढं काम करून हा विनय!"

"विनय नाही," सर म्हणाले. "चूक आहे. तो पेपर वापरू नका."

पुन्हा टाळ्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. सरांनी आवाज चढवला, "अरे, टाळ्या काय वाजवता? पारडं मेली ती!" तेव्हा कुठे पुढच्या दोन रांगांना अवघडल्यासारखं झालं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. वय झालंय, असं कुणीतरी कुजबुजलं, ते मला ऐकू आलं म्हणजे काकूंनाही आलं असणार. संयोजकाने हसत हसत सरांच्या खांद्यावर हात ठेवून माईक बाजूला घेतला आणि अल्पोपाहाराची घोषणा केली. मी पाहिलं तर माझेही हात एकमेकांवर आपटत होते. टाळ्यांमध्ये टाळ्या, कुणाच्या लक्षात आलं नसेल. काकू जांभळ्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत खाली बघत बसल्या होत्या. परतीच्या गाडीत डोंबिवली आल्यावर त्या म्हणाल्या, "बटाटेवडे बरे होते." सर म्हणाले, "मी खाल्ले नाहीत." यावर दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

नंतर सरांनी मासिकाला कळवलं. फार दिवसांनी उत्तर आलं, की एवढ्या जुन्या लेखात आता दुरुस्ती छापण्याची सोय नाही. मग ते स्वतःच कामाला लागले. कुणी नव्या पेपरात त्यांचा जुना पेपर आधाराला घेतला की त्या माणसाला शोधून काढून फोन करायचे, "नमस्कार, तुम्ही माझा हवाला दिलायत, कृपया काढून टाका." माणसं चक्रावायची. आपला हवाला द्या म्हणून मागे लागणारे खूप असतात, काढा म्हणणारा त्यांनी पाहिलेला नसायचा. बहुतेकजण "बघतो सर" म्हणायचे आणि काही बघायचे नाहीत. पारडं जन्मल्या दिवसापासून मोजायची, असा नवा अभ्यास सरांनी ठरवला होता. गुडघे साथ देत नव्हते तरी न कळवता दोनतीन तबेल्यांत जाऊन आले. त्या अगत्याच्या मालकाने तिसऱ्या वेळी फाटक उघडलं नाही. मी बरोबर येते म्हणाले होते. दवाखाना, मुलांच्या परीक्षा, असं करत दोनदाच गेले. एका पावसाळ्यात सर आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत.

शोकसभा संयोजकानेच ठेवली, ठाण्याला, त्याच हॉलमध्ये. तो मनापासून रडला. त्याच्यानंतर जे जे बोलायला उठले ते सगळे त्या पेपरावर आले. एकजण म्हणाला की पारडांची मरतूक आपल्या भागात नगण्य आहे हे सरांनी जगाला दाखवून दिलं. मी मान वर केली, बाजूला पाहिलं. सत्काराला होते त्यांतले कितीतरी लोक आजही होते आणि माना डोलवत होते. माझं नाव पुकारलं गेलं. मी क्लासच्या फलकाची गोष्ट सांगितली. उपम्याची सांगितली. लोक ओल्या डोळ्यांनी हसले, आणि मला बरं वाटलं. खाडीकाठच्या सकाळबद्दल बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण आज काकू समोर बसल्यात, आज कशाला, असं म्हणून मी खाली येऊन बसले.

काकूंना बोलायचं नव्हतं. संयोजकाने नुसतं रीत म्हणून त्यांच्यापुढे माईक धरला, "काकू, दोन शब्द?" त्यांनी तो घेतला आणि उभ्या राहिल्या. शाळेत प्रार्थनेनंतर उभ्या राहत असतील तशा, ताठ.

"ह्यांचा तो पेपर चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "पारडं मेली होती, ती ह्यांनी मोजली नव्हती. हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं, इथेच, ह्याच हॉलमध्ये. तुम्ही होतात."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकूंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती जरा जास्त वेळ थांबली.

"तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. आज तुमची वाटतेय."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. माईक त्यांच्या मांडीवरच राहिला, आणि तो मागून घ्यायला आमच्यातलं कुणीही उठलं नाही.